मातृभाषा कोणती? : झाडीबोलीच्या निमित्ताने

मातृभाषेविषयीची आत्मीयता हा आपल्याकडे बहुधा गौरवाचा विषय ठरतो, विचाराचा क्वचितच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, ही समाधानाची बाब होय. तथापि या निमित्ताने एक प्रश्न उपस्थित करणे अगत्याचे वाटते. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात वाढलेल्या विद्यार्थ्याची मातृभाषा नेमकी कोणती?

जनगणनेत तो 'मराठी' असे सांगतो आणि ते खरेच आहे. परंतु अनेकांच्या आईची भाषा झाडीबोली आहे. तीत 'ण'चा 'न', 'ळ'चा 'र' आणि 'श'चा 'स' होतो. 'डोळा' हा 'डोरा' होतो. ही उच्चारातील शिथिलता नसून नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. वर्गात मात्र तिची गणना 'अशुद्ध' या सदरात होते. परिणामी विद्यार्थी बोली सोडत नाही. वर्गात बोलणेच सोडतो. माझी मातृभाषा झाडीबोली, तर प्रबंधाची भाषा प्रमाण मराठी. एकीवरील प्रेमासाठी दुसरीचा त्याग करावा, असे मला कधीही वाटले नाही.

तमिळचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. २००४ मध्ये अभिजात दर्जा लाभलेली ती पहिली भारतीय भाषा. तिच्या ग्रांथिक व बोलीरूपांत मोठे अंतर आहे. तरीही आपण घरी बोलतो ती तमिळच, याविषयी तमिळ भाषक सहसा साशंक नसतो. प्रतिष्ठित ग्रांथिक रूप आणि घरातील बोली एकाच आत्मीयतेत सामावू शकतात, हे यावरून दिसते.

आपल्याकडे बांधी, पऱ्हे, बोडी यांसारखे शब्द धान आणि तलाव यांवर उभ्या राहिलेल्या जीवनाची साक्ष देतात. खाचर, रोपे, तळे हे त्यांचे पर्याय अर्थ सांगतात. अनुभव सांगत नाहीत. दंडार, खडी गंमत यांतील विनोद तर बोलीवाचून उभाच राहत नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासास प्रतिष्ठा मिळवून दिली. ते कार्य पुढे नेण्याची जबाबदारी मराठी विभागांची आहे.

यासाठी दोन गोष्टी तूर्त करता येतील. मौखिक परीक्षेत बोलीतून दिलेल्या उत्तराचे मूल्यमापन आशयावर व्हावे. आणि विद्यार्थ्यांनी आपल्याच गावातील शब्दसंग्रह लघुप्रबंधासाठी निवडावा. प्रमाणभाषा शिकवावी, कसून शिकवावी. मात्र ती आईच्या भाषेची लाज वाटायला लावून नव्हे. अभिजाततेचा मान ज्या मराठीला मिळाला, तिच्यात ही बोलीही आहे.