लाईटबिल मोबाईलवर आलं, पण धंद्याचा हिशेब कुणाच्या हातात?

पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, दूध शीतकरण केंद्र, तेलघाणा, रसवंती. तालुक्यातले हे सगळे धंदे मीटरवर चालतात. पूर्वी बिल घेऊन भरणा केंद्रापुढं रांग लावायची, शिक्का मारून घ्यायचा आणि पावती खिळ्याला अडकवायची. आता ती रांग ओसरली आहे.

त्यामागं नियमही आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून महावितरणच्या लघुदाब ग्राहकांना महिन्याला ५ हजार रुपयांपर्यंतच बिल रोखीनं भरता येतं. शेतीपंपाच्या ग्राहकांसाठी ही मर्यादा १० हजार आहे. गिरणीचं किंवा कारखान्याचं बिल सहसा पाच हजाराच्या वर जातं. त्यामुळं छोटा व्यावसायिक हौसेनं नाही, तर गरजेनं ऑनलाईन आला.

भरणं सोपं झालं हे खरं. पण बिल भरणं वेगळं आणि बिलावर लक्ष ठेवणं वेगळं. पैसे जातात ते या दुसऱ्या ठिकाणी.

सात दिवसांचा खेळ

बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरले तर १ टक्का सूट मिळते. ऑनलाईन भरल्यास आणखी पाव टक्का, जास्तीत जास्त ५०० रुपये. मुदत संपली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. सुटीच्या टक्केवारीत कर व वीज शुल्क धरत नाहीत, विलंब आकार मात्र कर व शुल्कासह एकूण बिलावर लागतो.

समजा, कर सोडून गिरणीचं बिल ८ हजार आहे. सात दिवसांत ऑनलाईन भरलं तर ८० आणि २० मिळून १०० रुपये वाचतात. मुदत चुकली तर किमान १०० रुपये वाढतात. म्हणजे महिन्याला किमान २०० रुपयांचा फरक, वर्षाला किमान २४०० रुपये.

अडचण अशी, की हे सात दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जातात, कागद हातात पडल्यापासून नाही. वाडी-वस्तीवर कागद उशिरा पोचला तर सूट तिथंच गेली. मेसेज मात्र बिल तयार झालं की येतो. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, की नोंदवलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे?

बऱ्याच जोडण्यांवर नंबर असतो जुन्या मालकाचा, बंद पडलेल्या सिमचा, नाहीतर पोराचा. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं की बिलाचा मेसेजही पुण्यालाच जातो. नंबर बदलणं अवघड नाही. महावितरणच्या ॲपवर, वेबसाईटवर किंवा १९१२ या क्रमांकावर फोन करून ते काम होतं.

एक मालक, चार मीटर

गावातल्या धंद्याला एकच मीटर असतो असं नाही. गिरणी एकीकडं, दुकान दुसरीकडं, घर तिसरीकडं. ग्रामपंचायतीचं तर पाणीपुरवठ्याचं वेगळं, दिवाबत्तीचं वेगळं. प्रत्येकाचा १२ अंकी ग्राहक क्रमांक वेगळा, मुदत वेगळी आणि दरही वेगळा. ॲपमध्ये एकाच खात्यात अनेक जोडण्या टाकता येतात. ज्याच्याकडं एकापेक्षा जास्त मीटर आहेत, त्यानं हे आधी करून घ्यावं.

मग प्रत्येक बिलावर तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, वर्गवारी. पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात मोडते, दुकान वाणिज्यिक वर्गात. वर्ग चुकीचा लागला तर दर महिन्याला चुकीच्या दरानं बिल येत राहतं. दुसरी, रीडिंग. मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळतो का? रीडिंग न घेता सरासरीनं बिल आलं, की पुढं एकदम मोठा आकडा बसतो. साध्या मीटरच्या ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत मीटरचा फोटो काढून ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवता येतं. तिसरी, सुरक्षा ठेव. वापर वाढला की वाढीव ठेवीचं बिल स्वतंत्र येतं. ते पाहून दोनदा बिल आलं असं वाटतं. पण ती ठेव आहे, तिच्यावर व्याजही मिळतं.

चूक झाली तर

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी लाईट कापण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर आक्षेप नोंदवून रक्कम भरता येते. तोंडी सांगून भागत नाही. वायरमनला सांगितलं, साहेबांना भेटलो, याचा पुरावा राहत नाही. ॲपवर तक्रार केली की क्रमांक आणि तारीख मिळते. तिथं काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. तिथं कागदच बोलतो.

‘आज रात्री लाईट कापणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज साध्या मोबाईल नंबरवरून आला तर तो फसवणुकीचा समजावा. महावितरणचे मेसेज एमएसईडीसीएल या नावानं येतात.

यंत्रणेकडून काय हवं

ऑनलाईन भरण्याचा फायदा महावितरणला लगेच होतो: वसुली वेळेत, केंद्रांचा खर्च कमी. ग्राहकाचा फायदाही तितकाच दिसला पाहिजे. बिल नेहमीपेक्षा दीडपट झालं तर त्याचं कारण साध्या मराठीत मेसेजमध्ये यावं. मुदतीच्या दोन दिवस आधी सुटीची रक्कम रुपयांत सांगावी. तक्रार कोणत्या टेबलावर आहे ते मोबाईलवर दिसावं. रेंज नसलेल्या गावातल्या व्यावसायिकाला कागदी बिलही वेळेत मिळावं, कारण दंडाचा नियम त्यालाही तोच लागू आहे.

तोवर गिरणीवाल्यानं निदान एक काम आजच करावं: आपल्या मीटरवर कुणाचा मोबाईल नंबर नोंदलाय ते बघून घ्यावं.