महाल शेठजींचा, कारभार गावाचा

दोस्तांनो, आजच्या गोष्टीची सुरुवात आमच्या तळ्यापासून करू या. तळं म्हणजे पाण्याचं नव्हे हं! रायगड जिल्ह्यातलं तळा, तळगड किल्ल्याच्या पायथ्याचं गाव. इथून जवळच कुडा लेणी आहेत. डोंगरात खोदलेली एकूण २६ लेणी, अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेत. त्यांत काय लिहिलंय, ठाऊक आहे? कोणतं लेणं कुणी खोदवून दिलं, त्यांची नावं! त्यात व्यापारी आहे, वैद्य आहे, अगदी फुलमाळीसुद्धा आहे. पैसे दिले या मंडळींनी आणि राहिले भिक्षू. म्हणजे वास्तू उभारली एकाने, ती उपयोगी पडली दुसऱ्याला.

अशीच एक वास्तू सोलापुरात आहे. फरक एवढाच, की ती बांधणाऱ्याने स्वतःसाठी बांधली होती!

सोलापुरात १८६० साली रेल्वे आली. आजूबाजूला कापूस पिकत होताच. १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली आणि मग एकामागून एक धुराडी उभी राहिली. भोंगा वाजला की हजारो कामगार गिरणीकडे निघायचे. त्या काळातले एक बडे उद्योगपती म्हणजे मल्लप्पा वारद. लोक त्यांना आदराने अप्पासाहेब म्हणत. त्यांनी आपल्यासाठी एक महाल बांधला आणि नाव काय ठेवलं? ‘इंद्रभुवन’! देवांच्या राजाचं नाव. हौस केवढी असेल, बघा.

इमारत आहेही तशीच. समोर उभं राहिलं की कुठे आधी बघावं ते कळत नाही. कमानी, नक्षीदार खांब, सज्जे आणि त्यांच्यामधून डोकावणाऱ्या मूर्ती. काही आपल्याकडच्या धाटणीचं, काही मुसलमानी वास्तूंची आठवण देणारं, तर काही थेट युरोपातून आल्यासारखं. एकाच ताटात पुरणपोळी, शिरकुर्मा आणि केक वाढावा, तसं! पण गंमत म्हणजे सगळं एकमेकांना शोभून दिसतं.

आता एक प्रश्न. या कमानी कशाच्या जोरावर उभ्या राहतात? कमानीचे दगड पाचरीसारखे घडवलेले असतात, वर रुंद आणि खाली निमुळते. वरचा भार आला की ते एकमेकांना दाबतात आणि भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरतो. जितका भार, तितकी मिठी घट्ट! आणि सांधे जोडायला चुना. आपल्या देशात सिमेंटचं उत्पादन नीट सुरू झालं ते १९१४च्या सुमारास. त्याआधीच्या बांधकामांत चुन्याचंच राज्य होतं. जाड भिंती आणि उंच छत असलं की उन्हाचा ताप आत पोचायला वेळ लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात याचं मोल कळतं, बरं का!

आता खरी गोष्ट. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे या महालापेक्षाही जुनी. १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. आणि शेठजींचा हा महाल झाला तिची मुख्य वास्तू! जिथे पूर्वी आमंत्रणाशिवाय पाऊल ठेवता येत नसे, तिथे नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार घेऊन येणारा माणूस ताठ मानेने पायऱ्या चढू लागला. इंद्राच्या महालाचा मालक आता कोण? तो तक्रार करणारा माणूस!

पण मालकी आली की जबाबदारीही येते. घर एकाचं असतं तेव्हा तो रोज झाडून घेतो. सगळ्यांचं झालं की जो तो म्हणतो, ‘मला काय त्याचं?’ जुन्या घराचं कचेरीत रूपांतर झालं, की हाच धोका असतो. नक्षीवर खिळा ठोकून वायर ओढली जाते, कमानीत लाकडी फळ्यांची खोली होते, कोपऱ्यात पानाची पिचकारी पडते. चुन्याच्या भिंतीवर घाईघाईत सिमेंट थापतात, मग आतली ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि भिंत आतून पोखरते. दुरुस्ती म्हणून केलेलं कामच दुखणं होऊन बसतं!

इंद्रभुवनचं नशीब चांगलं. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटी योजनेतून या वास्तूची डागडुजी झाली आणि तिचं रूप पुन्हा उजळलं. पण डागडुजी एकदा होते, जपणूक रोज करावी लागते. ती काही फक्त साहेबांनी करायची नसते.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या गावाची ग्रामपंचायत किंवा नगरपालिका ज्या इमारतीत आहे, तिथे मोठ्यांबरोबर जाऊन या. ती कुणी बांधली? कधी बांधली? आधी तिथे काय होतं? तिथल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. भिंतीवर कुणी स्वतःचं नाव कोरलेलं दिसलं, तर कुड्याचे लेख आठवा. त्या लोकांनीही नावं कोरलीच होती की! पण आधी काहीतरी दिलं होतं, मग नाव लिहिलं होतं.

तर मग, पुढच्या आठवड्यात भेटू. नव्या वास्तूच्या दारात!