स्टेंटनंतर बसून कसं चालेल?

आमच्या चौल गावात अँजिओप्लास्टी झालेला माणूस घरी आला की पहिली आज्ञा सुटते, "बसा आता!" आमच्या दादाला तर पाण्याचा तांब्याही वहिनी जागेवर देते. माया खरी, पण अशानं हृदय बळकट होत नाही. झटक्यानंतर योगाचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या 'योगा-केअर' अभ्यासाचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. देशातल्या 24 रुग्णालयांत, झटका येऊन गेलेले 3,959 रुग्ण त्यात होते. त्यांतल्या एका गटाला 12 आठवड्यांत 13 योगवर्ग दिले. मृत्यू किंवा पुढचा झटका त्यानं टळतो असं सिद्ध झालं नाही, हेही सांगायला हवं. पण योग शिकलेली माणसं बाकीच्यांपेक्षा आपापल्या कामाला जास्त चांगली लागली. म्हणून हालचाल हवी, पण लगेच गावातल्या दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या चढू नका! डॉक्टरांना विचारून रामेश्वराच्या पुष्करणीपर्यंत सपाटीवर चाला. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयानं असा योगवर्ग नेमानं चालवावा. सतरंज्या, बीपीचं यंत्र आणि शिकलेला प्रशिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते.