डोंगर, जंगल आणि मधला रिकामा दिवस

मार्च सरत आला की शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत दोन कामांना जोर चढतो. एक म्हणजे कूलरमधला वाळा बदलणे आणि दुसरे म्हणजे सुट्टीचे बेत आखणे. यंदा वाळा अजून बदलायचा आहे. पण बेत मात्र शेजारच्या वहिनी थेट माझ्या स्वयंपाकघरातच घेऊन आल्या.

‘‘ताई, एवढा कागद बघून द्याल का? ह्यांनी आणि लेकीनं मिळून केलाय. मला त्यातलं काही कळत नाही, पण काहीतरी खटकतंय.’’

कागद पाहिला आणि चहाचे आधण आणखी एक कप वाढवले. बाप-लेक जूनच्या अखेरीस आफ्रिकेतला किलिमांजारो चढणार. तो उतरले की इथून वहिनी आणि त्यांच्या सासूबाई तिकडे जाऊन पोहोचणार आणि मग चौघांनी मिळून टांझानियातली जंगले पाहायची. आजींचे वय बहात्तर. पण सिंह पाहायची हौस बारा वर्षांच्या मुलीची. बेत मोठा गोड होता. खटकत होती ती एकच गोष्ट. सहाव्या दिवशी दुपारी डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे आणि सातव्या दिवशी पहाटे पाचला जीपमध्ये बसून सेरेंगेटीकडे निघायचे! दोन्हींच्या मध्ये फक्त एक रात्र.

‘‘एवढे पैसे घालून जायचं, तर एकही दिवस फुकट जाता कामा नये, असं हे म्हणतात,’’ वहिनी म्हणाल्या.

वाचकहो, हे वाक्य मी आमच्या घरातही ऐकलेले आहे, आणि त्याची किंमतही मोजलेली आहे. ती गोष्ट आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे हिमाचलातल्या हमटा खिंडीला निघालो होतो. उंची ४,२७० मीटरच्या आसपास. कान्हाचे जंगल पावसाळ्यात १ जुलैपासून बंद होते, म्हणून आमच्या ह्यांनी परतीच्या वाटेवर जूनच्या शेवटच्या दिवसांतले सफारीचे परवाने काढून ठेवले होते. रायपूरला पोहोचायचे, कपडे बदलायचे आणि कवर्धा, चिल्फीमार्गे मुक्कीच्या दारावर हजर व्हायचे, असा घड्याळाच्या काट्यावरचा कार्यक्रम. परवाने नावानिशी, तारखेनिशी. एक दिवस हुकला की ते कागद रद्दीत!

खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामी ह्यांनी संध्याकाळचा चहा तसाच ठेवला. जेवणही नको म्हणाले. ‘‘दमलोय’’ एवढेच उत्तर. आमच्या तुकडीच्या हाताशी एक राखीव दिवस होता. त्या रात्री ‘डोके फुटतेय’ असे यांनी सांगितले असते, तर एक दिवस तिथेच विश्रांती घेऊन पुढे जाता आले असते. पण तो राखीव दिवस वापरला की कान्हा गेले, हा हिशेब यांच्या डोक्यात पक्का. म्हणून तोंडातून शब्द काढला नाही. पहाटे तंबूबाहेर आले ते ओकारी करतच, आणि चालताना पाय वाकडे पडू लागले. वाटाड्याने एकदा पाहिले आणि पुढच्या गोष्टी न बोलता यांना खाली उतरवायला घेतले. दुपारपर्यंत, पुरेसे खाली आल्यावर, चेहऱ्यावर रंग आला. खिंड राहिली, आणि मनालीत डॉक्टरांनी दोन दिवस थांबवून घेतल्यामुळे कान्हाही राहिले. माणूस मात्र घरी आला. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे : पुढच्या सफारीच्या तारखेने मागच्या डोंगराला घाई करायची नाही.

वहिनींच्या कागदात मला तेच दिसले. म्हणून पेन्सिल हातात घेतली.

किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर आणि आपले रायपूर जेमतेम तीनशे मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई अशा साडेतीन चढवाव्या, तेव्हा कुठे तो माथा येतो. या डोंगराला दोर लावून कडे चढावे लागत नाहीत, पायवाटेने माथ्यावर जाता येते. म्हणून अनेकांना तो सोपा वाटतो. फसगत होते ती इथेच. माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने सुमारे निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीराला याची सवय होते. पण ती आपल्या सवडीने नव्हे, त्याच्या सवडीने. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपायचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि अधूनमधून एक दिवस विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. किलिमांजारोच्या वाटांवर हा नियम पुरता पाळला जात नाही, कारण बहुतेक लोक पाच ते आठ दिवसांत वर जाऊन परत येतात. जितके दिवस कमी, तितके माथा न गाठता परतणारे जास्त.

तिथले वाटाडे दिवसभर ‘पोले पोले’ म्हणत असतात. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘सावकाश, सावकाश’. आपल्या छत्तीसगडचे चित्रसेन साहू यांनी रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावले होते. २०१९ साली ते कृत्रिम पायांवर हा डोंगर चढून गेले. कृत्रिम पायांवर धावपळ करून असा डोंगर चढता येत नाही. त्याला एकेक पाऊल तोलूनच टाकावे लागते. धडधाकट पायांनी तेवढेच शिकले तरी पुष्कळ.

म्हणून पहिली दुरुस्ती ही केली की डोंगराचे दिवस सहाचे आठ करायचे, आणि ते वाढलेले दोन दिवस जंगलातून कापायचे. ‘‘अहो, पण डोंगरावरचा प्रत्येक दिवस महाग पडतो,’’ वहिनी म्हणाल्या. पडतो खरा. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसागणिक असते, शिवाय हमाल, स्वयंपाकी, वाटाडे यांची मजुरी. पण पैसे वाचवायचेच असतील तर जंगलात वाचवावे. सहाऐवजी चार दिवसांत सिंह पाहिला तर काही बिघडत नाही. चारऐवजी दोन दिवसांत उंची गाठली तर बिघडते.

दुसरी दुरुस्ती त्या मधल्या रात्रीची. शिखराची चढाई बहुधा मध्यरात्री सुरू होते. माचामे वाटेने गेले तर ४,६०० मीटरहून जास्त उंचीवरच्या बाराफू तळावरून निघायचे, सकाळी उहुरू टोकावर पोहोचायचे, आणि त्याच दिवशी ३,१०० मीटरच्या आसपासच्या मुक्कामापर्यंत उतरायचे. म्हणजे एका दिवसात पावणेतीन हजार मीटरची उतरण! गुडघे, पायाची बोटे आणि झोप, तिघांचाही हिशेब त्या एका दिवसात चुकता होतो. दुसऱ्या दिवशी उरलेली उतरण. अशा माणसाला तिसऱ्या पहाटे जीपमध्ये कोंबून सात-आठ तासांच्या खडबडीत रस्त्याने नेले, तर सिंह समोर येऊन उभा राहिला तरी तो झोपलेलाच असेल. आपला माणूस हो, सिंह नव्हे!

म्हणून मध्ये दोन दिवस कोरे ठेवले. पहिला डोंगराचा राखीव दिवस. वर कुणाला थांबावे लागले तर तो वापरायचा. दुसरा मोशी किंवा आरुशा गावात निव्वळ पडून राहण्याचा. गरम पाण्याने अंघोळ, ओल्या मोज्यांची धुलाई, आणि वहिनी व आजींची विमानतळावरून येण्याची वाट पाहणे. कागदावर या दिवसापुढे काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून वहिनींची लेक, जी एव्हाना आईला शोधत आमच्याकडे येऊन पोहोचली होती, म्हणाली, ‘‘मावशी, इथे काय लिहू?’’ म्हटले, ‘‘रिकामा, असं लिही. आणि त्याच्याखाली रेघ मार.’’

मग जंगलाकडे वळलो. चार दिवसांत सगळी आफ्रिका पाहायची नसते. आरुशापासून दोन-अडीच तासांवर तारांगिरे आहे. तिथे हत्तींचे कळप आणि गोरखचिंचेची प्रचंड झाडे. सुरुवात तिथून केली की आजींच्या पाठीला पहिल्याच दिवशी लांबचे धक्के बसत नाहीत. मग गोरोंगोरो. हा एक निजलेला ज्वालामुखी. त्याचे तोंड खचून कढई झाली आहे, सहाशे मीटर खोल आणि तळाशी सुमारे २६० चौरस किलोमीटर. सिंह, म्हशी, पाणघोडे, नशीब असेल तर काळा गेंडाही तिथे दिसतो. पण कढईच्या काठावरचे मुक्काम दोन हजार मीटरहून उंच आहेत आणि जून-जुलैत तिथे चांगलीच थंडी असते. आफ्रिका म्हणजे उकाडा, असे समजून आजींची शाल घरी ठेवू नये. उरलेल्या दोन रात्री सेरेंगेटीच्या मधल्या भागात. लाखो विल्डबीस्ट नदी ओलांडतात ते चित्रपटातले दृश्य उत्तरेकडे, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये दिसते. त्याच्या मागे धावायचे म्हणजे पुन्हा लांबचा प्रवास. ते यंदा सोडून द्यायचे.

एक फायदाही सांगितला. जीपचे भाडे बहुधा माणशी नसून गाडीमागे असते. चौघे एकाच गाडीत बसले की खर्च विभागला जातो. डोंगरावरचे दोन दिवस त्यातूनच थोडेफार भरून निघतात.

घरच्या बायकांनी लक्षात ठेवायच्या चार गोष्टी वहिनींच्या वहीत वेगळ्या लिहून दिल्या. पहिली औषधांची. सखल जंगलात हिवतापाची भीती आहे. त्याच्या गोळ्या जाण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. उंचीसाठी डॉक्टर वेगळी गोळी देतात. दोन्ही एकाच डॉक्टरांना दाखवून घ्याव्या, शेजाऱ्याच्या सल्ल्याने नव्हे. मी शेजारीण असले तरी!

दुसरी पीतज्वराच्या लशीची. विमान केनिया किंवा इथिओपियातून बदलायचे असेल, तर तिच्या दाखल्याचा प्रश्न येऊ शकतो. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात. तेव्हा आजींसाठी आधी डॉक्टरांशी बोलावे आणि मगच विमानाची वाट ठरवावी.

तिसरी विम्याची. परदेश प्रवासाच्या साध्या विम्यात उंच डोंगरावरची चढाई बहुधा धरलेली नसते. सहा हजार मीटरपर्यंतची पायी चढाई आणि तिथून खाली आणण्याचा खर्च त्यात आहे की नाही, ते बारीक अक्षरांत वाचून घ्यावे.

चौथी लाडवांची. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. मेथीचे लाडू, चिवडा काय न्यायचे ते डब्यांतून किंवा कापडी पिशव्यांतून न्यावे.

सरावाचे म्हणाल, तर रायपुरात डोंगर नाही, ही तक्रार खरी. पण तेलीबांधा तलावाच्या कडेने रोज तासभर झपाझप चालता येते, आणि डोंगरगडला बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या आहेत. पाठीवर ओझे घेऊन महिन्यातून दोनदा तरी त्या चढाव्या आणि विशेषतः उतराव्या. आजींनी जीपमध्ये बसण्याचा सराव काय करायचा, असा प्रश्न निघाला. त्यांनी रोज सकाळी बिनचुकता फिरायला जावे, एवढेच सांगितले.

संध्याकाळी बाप-लेक दोघे कागद परत न्यायला आले. भाऊजींनी खोडाखोड पाहिली, बोटावर दिवस मोजले आणि रिकाम्या दिवसापाशी थांबले. ‘‘वहिनी, हा दिवस नाही लागला तर?’’

‘‘नाही लागला तर गावात बसून कॉफी प्या. किलिमांजारोच्या उतारावर ती पिकते, छान असते म्हणतात. पण भाऊजी, तुमचं डोकं दुखलं तर लेकीला सांगाल ना?’’

ते काही बोलले नाहीत. लेकीने मात्र बापाकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘बाबा, आपण रोज संध्याकाळी एकमेकांना विचारायचं. आणि खरं सांगायचं. खाली आजी वाट बघत असेल.’’

त्यावर भाऊजींनी खिशातले पेन काढले आणि रिकाम्या दिवसाखाली लेकीने मारलेल्या रेघेवर आणखी एक रेघ ओढली. आमचे हे दारातच उभे होते. त्यांनी कान्ह्याचे ते जुने परवाने अजून टेबलाच्या खणात ठेवले आहेत. ते घेऊन आले आणि काही न बोलता भाऊजींच्या हातात दिले.