आम्हाला वाटा नको, शाळा मोकळी करा

परवाच्या बैठकीत चारपाच पोरं उठली आणि म्हणाली, शाळेत सरस्वती बसते ना? मग आमचं त्रिशरण-पंचशीलही झालंच पाहिजे. रोज नाही तर गुरुवारी तरी. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. घरी येताना एकजण म्हणाला, "दादा, तुम्ही मवाळ झालात." म्हणून हे लिहितोय. मवाळ कोण ते नंतर ठरवा.

आधी काय घडलं ते ऐका. माझी पोरगी चौथीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. गाव हिंगोली जिल्ह्यातलं. नाव घालत नाही; घातलं तर बाकीच्या गावांना वाटायचं आपण सुटलो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन होतं. एकचे आकडे जोडून पाटीवर सरस्वती काढायची, हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे. पोरीनं पाटी कोरी नेली. बाईंनी विचारलं, कामून? तर म्हणाली, आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा आहेत. नऊ वर्षांची पोर. बाई ओरडल्या नाहीत, मारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "बरं, मग तू बाहेर थांब. पूजा झाली की ये."

पाऊण तास पोरगी व्हरांड्यात चपलांपाशी उभी. आत नारळ फुटला, प्रसाद वाटला गेला.

बाहेर थांब. हे दोन शब्द आपल्या माणसाला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. बाबासाहेबांना शाळेत वेगळं बसायला गोणपाट होतं. हायस्कुलात संस्कृत शिकायचं म्हणाले तर अस्पृश्याच्या पोराला संस्कृत नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. आता म्हणतात, या, आत या, सगळं तुमचंच आहे, फक्त हात जोडा. हात जोडले नाहीत की परत व्हरांडा. आणि हे कधी, तर दसऱ्याच्या तोंडावर, ज्या दसऱ्याला 1956 साली नागपूरला बाप-आज्यांनी हात जोडायचं सोडलं!

पण गोष्ट इथं संपत नाही. पोरगी घरी येऊन रडली नाही. म्हणाली, "पप्पा, मी एकटी नव्हते. चाचाचा नातू पण होता." चाचा म्हणजे स्टँडमागं वेल्डिंगचं दुकान आहे ते. त्यांचा नातू तिच्याच वर्गात. त्यालाही बाहेर काढलं होतं, नव्हे, तो आपणच दर वर्षी बाहेर जाऊन उभा राहतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. मला हे जास्त लागलं.

आता पोरांनो, तुमचा ठराव घ्या आणि त्या व्हरांड्यात नेऊन ठेवा. गुरुवारी त्रिशरण सुरू झालं. माझी पोरगी आत, पांढरा फ्रॉक घालून, पहिल्या रांगेत. आणि चाचाचा नातू? तो गुरुवारीही चपलांपाशीच. आधी वर्षातून एकदा उभा राहायचा, आता दर आठवड्याला राहील, आणि या वेळी त्याला बाहेर काढणारे आपण. हे चालतं का तुम्हाला? मला चालत नाही. मग तुम्ही म्हणाल, त्यांनाही एक दिवस देऊ. द्या. शुक्रवारी ते, रविवारी शाळा नाही म्हणून ख्रिस्तींना शनिवार, जैनांना अजून एखादा. गणित कधी शिकवायचं?

हा वाद नवा आहे असं समजू नका. 7 डिसेंबर 1948 ला घटना समितीत नेमका हाच वाद झाला. तेव्हा मसुद्यात हे कलम 22 वं होतं, आज 28 वं आहे. ज्यांच्या पालकांना पाहिजे त्या मुलांना सरकारी शाळेत आपापल्या धर्माचं शिक्षण मिळू द्या, अशी एका सभासदाची दुरुस्ती होती. म्हणजे तुमचाच ठराव. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. ते काय म्हणाले ते माझ्या शब्दांत सांगतो. शाळेचा पैसा सगळ्यांच्या करातून येतो, तो एका धर्माच्या कामाला लावता येत नाही. लोकल बोर्डाच्या शाळेत बहुसंख्य पोरं हिंदू आहेत म्हणून हिंदू धर्म शिकवायचा म्हटलं तरी चालणार नाही. लोकल बोर्डाची शाळा म्हणजे आजची जिल्हा परिषदेची शाळा, लक्षात घ्या! दुसरं, धर्म पुष्कळ. त्यांनी मुंबईच्या म्युनिसिपालटीच्या शाळेचं उदाहरण दिलं. तिथं हिंदू, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, सगळ्यांची पोरं. कुणाकुणाचं शिकवणार? आणि तिसरं, जे आपण नेहमी गाळतो. इथले धर्म एकमेकांशी वागताना समाज जोडत नाहीत, तोडतात, कारण प्रत्येकाला वाटतं मोक्षाचा रस्ता एकट्या आपल्याकडंच आहे.

हे बोलणारा माणूस निधर्मी नव्हता. आठ वर्षांनी त्यानं लाखो लोकांना घेऊन धम्म स्वीकारला. मैदानावर स्वीकारला, राजीखुशीनं स्वीकारला. हजेरीपट घेऊन नाही.

आता कलमात काय आहे ते पाठ करा, हेच पाठ करा. जी शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते, तिथं धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. जी खाजगी आहे पण मान्यता किंवा अनुदान घेते, तिथं कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं नाही. मूल लहान असेल तर संमती पालकाची.

हेडमास्तरांना मी हे दाखवलं. सज्जन माणूस. चहा पाजला, आणि म्हणाले, "अहो, हे धार्मिक शिक्षण थोडंच आहे? हे संस्कार आहेत."

संस्कार! हा शब्द आला की खिसा सांभाळावा. 2024 च्या मे महिन्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं शालेय अभ्यासक्रमाचा आराखडा बाहेर काढला. त्यात मूल्यांच्या प्रकरणाला मनुस्मृतीतला श्लोक. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठांतराला सुचवलेला. ओरड झाली, तेव्हा मंत्री म्हणाले मनुस्मृती येणार नाही. मधल्या काळात आपल्यातलेच काही शहाणे मला समजावत होते, दादा, श्लोक वाचा तरी, त्यात वडीलधाऱ्यांना मान द्या एवढंच आहे, वाईट काय? वाईट त्याचा पत्ता आहे. थोरांना मान द्या हे सांगायला माझी आई पुरेशी होती, ती अंगठाबहाद्दर होती. जे पुस्तक 25 डिसेंबर 1927 ला महाडात जाळलं, त्याच पुस्तकातून शोधून शोधून निरुपद्रवी ओळ काढायची, हा उद्योग कशासाठी? उद्या पोरगं विचारील, सर, हे पुस्तक चांगलं आहे का? मग सर काय सांगतील?

कायदा आपल्या बाजूनं बोललेला आहे, तेही माहीत असू द्या. नाशकात संजय साळवे म्हणून शिक्षक. प्रार्थनेला उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. संस्थेनं त्यांची वाढीव वेतनश्रेणी अडवली. शाळेचं नाव सावित्रीबाई फुले! ते भांडत राहिले, आणि 2013 साली मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येत नाही, तो त्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे. मोठा माणूस, शिकलेला, पगारदार, त्याला हायकोर्टापर्यंत जावं लागलं. चौथीतल्या पोरानं कुठं जावं?

सावित्रीबाईंवरून आठवलं. आपणही काही कमी नाही. 3 जानेवारीला सावित्रीमाईच्या फोटोपुढं उदबत्ती, नारळ, पोरांना रांगेनं पाया पडायला लावणं. मी डोळ्यांनी बघितलं आणि करणारे आपलेच. फोटो लावा, हार घाला, भाषण करा, तिनं शेणाचा मारा खाऊन शाळा कशी चालवली ते सांगा. पण तिची देवी केली तर आपण सरस्वतीला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

तर मी ठराव वगैरे काही केला नाही. चाचांकडं गेलो. म्हणलं, चाचा, अर्ज करू. चाचा बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही बोलले तर आंदोलन हुतं. आम्ही बोललो तर दुसरंच काही हुतं." हे खरं आहे. आपल्याला सवय नाही हे ऐकायची. शेवटी म्हणाले, "नमाज घरात न् मशिदीत. शाळेत पाढे शिकवा म्हनावं, नातवाला सातचा पाढा येईना." आणि सही केली.

दवाखान्यातल्या सिस्टर ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, मिशनच्या बोर्डिंगात होते तेव्हा आमच्याबरोबरच्या हिंदू पोरींनाही प्रार्थनेला बसवायचे, आम्हाला ते बरं वाटायचं, आता वाटत नाही. असं कबूल करायला छाती लागते. त्यांनी सही केली.

चौथे नर्सीकडचे माळकरी आजोबा. त्यांच्याकडं जाताना मी धाकधूक करत गेलो. नर्सी म्हणजे नामदेवांचं गाव. औंढ्याची गोष्ट त्यांनीच सुरू केली. नामदेवांना देवळापुढनं मागं हाकललं, ते मागं जाऊन कीर्तन करायला लागले, तर देऊळच फिरलं म्हणतात. मी म्हणलं, आजोबा, देऊळ फिरलं असंल, शाळा फिरत नाही. मागं हाकललेलं लेकरू मागंच राहतं. म्हातारा हसला. सरस्वतीपूजनावर सही करतो म्हणाला. पण आषाढीच्या दिंडीवर अडला. लेकरं इठ्ठल-रखमाई होऊन येतात, ग्वाड दिसतं, ते कामून बंद करायचं? आम्ही तासभर बोललो. शेवटी दिंडीत कुणावर जबरदस्ती नको एवढ्यावर तो आला. मला ते पुरं पटलेलं नाही. तरी अर्जात तसंच लिहिलं. त्याची सही माझ्या शुद्धतेपेक्षा मोलाची आहे.

जोतीबांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात, ते 1891 साली निघालं, एक घर कल्पिलं आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, पोरगी मुसलमान, पोरगा सत्यधर्मी, आणि सगळे गोडीनं नांदतात. मी वाचलं तेव्हा वाटलं होतं, असं घर कुठं असतंय? चौघं पंचायत समितीच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा ते आठवलं, एवढं खरं.

अर्जात तीन मागण्या. शाळेच्या वेळेत, शाळेच्या पैशानं कुठल्याही धर्माची पूजा नको, आपलीही. दिंडीत किंवा कुठल्या सणात कुणावर जबरदस्ती नको. कुठल्याही मुलाला त्यावरून वर्गाबाहेर उभं करू नये. 26 जानेवारी 2020 पासून शाळांमध्ये उद्देशिका वाचायचा शासनाचा निर्णय आहे, परिपाठाला ती रोज वाचावी, असं खाली जोडलं. आवकचा शिक्का मिळालाय, उत्तर नाही. कारकून सह्या बघून म्हणाला, "हे सगळे एकत्र कसे काय?"

दसऱ्याच्या आधी परत जायचंय. तुमच्या गावातून असेच चौघं येत असतील तर तारीख कळवा. गुरुवारचा ठराव घेऊन येणार असाल तर मात्र आधी पाऊण तास त्या व्हरांड्यात उभे राहून या.