कागद नाही, म्हणून नोंद नाही

बीसीएस झालेल्या मुलाचा बायोडेटा एका पानात मावतो. नाव, पत्ता, दहावी-बारावीचे टक्के, पदवीचा सीजीपीए, शेवटच्या वर्षाचा कुठल्या तरी दुकानाच्या बिलिंगचा प्रोजेक्ट. अनुभवापुढे ‘फ्रेशर’. उरलेली जागा पूर्वी छंदांनी भरायची. वाचन, क्रिकेट, प्रवास. आता तिथे ‘सर्टिफिकेशन्स’ असं ठळक शीर्षक येतं आणि त्याखाली सात ओळी येतात. डिजिटल मार्केटिंग, एक्सेल, सायबर सिक्युरिटी, पॉवर बीआय, लीडरशिप वगैरे. सगळे कोर्स ऑनलाइन, सगळे मोफत.

या सात ओळींवर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण त्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, ते बघण्यासारखं आहे. या मुलाला पायथन येतं. कॉलेजात फळ्यावरचे प्रोग्राम वहीत उतरवून घेण्यापलीकडे काही झालं नाही, तेव्हा त्याने चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांची एनपीटेल या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं ऐकली. आठ आठवड्यांचा कोर्स. ऐकला, अडला, मागे जाऊन पुन्हा ऐकला, असाइनमेंट सोडवल्या. बायोडेटात त्याचा उल्लेखही नाही. का नाही, असं विचारलं तर अशी मुलं एकच उत्तर देतात: ‘त्याचं सर्टिफिकेट नाहीये ना.’

म्हणजे जे येतं ते लिहिलं नाही, कारण कागद नाही. जे लिहिलं ते येत असेलच असं नाही, पण त्याचा कागद आहे.

एनपीटेलवर शिकायला पैसे पडत नाहीत. नाव नोंदवा, व्याख्यानं ऐका, दर आठवड्याची असाइनमेंट द्या. पैसे पडतात ते परीक्षेला, एका विषयाला साधारण हजार रुपये. शिवाय केंद्रावर जावं लागतं, हॉल तिकीट आणि ओळखपत्र दाखवून बसावं लागतं. असाइनमेंटचे 25 गुण, परीक्षेचे 75. पहिल्यात किमान 10 आणि दुसऱ्यात किमान 30 नसतील तर प्रमाणपत्र नाही. मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला जमवणारा मुलगा इथे थांबतो. हजार रुपये आणि जिल्ह्याच्या गावापर्यंतचं एसटीचं भाडं वाचवतो. विद्या घेतो, कागद सोडतो. त्याच्या जागी कुणीही हेच केलं असतं.

दुसरीकडे कागदच फुकट आहे. व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवायचा. शेवटी दहा-वीस पर्यायी प्रश्न. चुकले तर पुन्हा द्यायचे. नाव टाइप करायचं, पीडीएफ उतरवून घ्यायची. ओळखपत्र कुणी मागत नाही. कोर्सेराच्या अगदी सुरुवातीच्या प्रमाणपत्रांवर तरी तळाशी बारीक अक्षरांत कबुली असायची, की शिकणाऱ्याची ओळख पडताळलेली नाही. ती बारीक अक्षरं बायोडेटात कुणी उतरवत नाही. लॉकडाऊनमध्ये आपल्या कॉलेजांनी याच्याही पुढे मजल मारली. गूगल फॉर्मवर वीस प्रश्नांची ‘राष्ट्रीय स्तरावरील प्रश्नमंजूषा’, चाळीस टक्के पडले की ई-प्रमाणपत्र मेलवर. वेबिनार ऐकल्याचा पुरावा म्हणजे फीडबॅक फॉर्म. तो भरला की प्राचार्यांच्या सहीचा रंगीत कागद. 2020 च्या उन्हाळ्यात असे कागद विद्यार्थ्यांनी गोळा केले, तसे प्राध्यापकांनीही केले.

बायोडेटात मात्र सगळे एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. केंद्रावर बसून मिळवलेलं आणि रविवारी दुपारी उतरवून घेतलेलं, यांतला फरक कळेल अशी एकही खूण तिथे नसते.

कागद गोळा करण्याचं हे खूळ मुलाने स्वतःच्या डोक्याने काढलेलं नाही. किती विद्यार्थ्यांनी स्वयम, एनपीटेलसारखे ऑनलाइन कोर्स पूर्ण केले, याचा आकडा कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी मागितला जाऊ लागला. आकड्याला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे पीडीएफ. मग वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान निघतं: प्रत्येकाने दोन सर्टिफिकेटं शुक्रवारपर्यंत पाठवावीत. काय शिकलात, हा प्रश्न त्या ग्रुपवर येत नाही. मुलाचं प्रमाणपत्र आधी कॉलेजच्या फाइलीत जातं, मग त्याच्या बायोडेटात. तीन वर्षं कागद मोजणाऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तो दुसरं काय मोजणार?

नाकं मुरडणाऱ्यांचा आक्षेप मात्र वेगळाच असतो. कोर्स फुकट आहे, म्हणून तो हलका. हे साफ चूक आहे. मुकुंद यांची व्याख्यानंही फुकटच आहेत. हार्वर्ड आणि एमआयटीने 2012 साली एडएक्स सुरू केलं, तेव्हा कोर्स पुरा करणाऱ्याला साधं प्रमाणपत्रही मोफत मिळायचं. 2015 संपता संपता ते बंद झालं. व्याख्यानं ऐकणं मोफतच राहिलं, किंमत लागली ती कागदाला. लोक पैसे कशासाठी मोजतात, हे बाजाराने तीन-साडेतीन वर्षांत ओळखलं. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी लावणाऱ्या क्लासचा महागडा कागद ज्याच्याकडे असतो, त्याच्या बायोडेटात तो सर्वांत वर असतो. त्याकडे बघून कुणी भुवई उंचावत नाही.

जुन्या बायोडेटात एक ओळ हमखास असायची. टायपिंग: मराठी 30, इंग्रजी 40. त्याचंही प्रमाणपत्र होतं, सरकारी परीक्षेचं. पण साहेबाला ते बघायची गरज पडत नसे. टेबलावर मशीन असायचं. बसा, म्हणायचं. मिनिटभरात निकाल. त्या ओळीत काय येतं ते होतं, किती येतं तेही होतं, आणि खोटं असेल तर तिथल्या तिथे पकडता येत होतं. ‘फंडामेंटल्स ऑफ डिजिटल मार्केटिंग’ ही आजची तितकीच हमखास ओळ. गूगलचा कोर्स, 26 प्रकरणं, 40 तास. कोर्स वाईट नाही. पण ती ओळ वाचून काय विचारायचं? ती एवढंच सांगते की कोर्स संपला.

ज्याचं पान रिकामं आहे त्याने कोर्स लिहूच नयेत, असं म्हणणं सोपं आहे. ते नोकरी असलेल्या माणसाचं म्हणणं आहे. लिहावेत, फुकटचे आहेत म्हणून लपवू नयेत. फक्त सातांतले पाच खोडावेत आणि न लिहिलेला एक लिहावा. ‘पायथन: एनपीटेल, आठ आठवडे. सगळ्या असाइनमेंट केल्या. परीक्षा दिली नाही. मामाच्या कृषी सेवा केंद्राची उधारी त्यात लिहिलेल्या प्रोग्रामवर चालते.’ यातलं ‘परीक्षा दिली नाही’ लिहायला मुलं घाबरतात. प्लेसमेंटचे सर तर ते आधी खोडायला लावतील. वास्तविक त्या तीन शब्दांमुळे बाकीच्या ओळीवर विश्वास बसतो. आणि अशा ओळीवर प्रश्न विचारता येतात. मर्ज सॉर्ट समजावून सांग. हंगामानंतर अर्धीच रक्कम आली तर नोंद कुठे पडते? एकाच आडनावाचे चार शेतकरी असले तर काय करतोस? दहा मिनिटांत कळतं, टायपिंगसारखंच.

हे प्रश्न विचारणारा माणूस कंपनीत असतो. तो दुसऱ्या फेरीला बसतो. पहिली चाळणी लावणाऱ्याला पायथन येत नसतं. त्याच्यापुढे शेकड्यांनी अर्ज असतात आणि एक तक्ता असतो, त्यात ‘सर्टिफिकेशन: आहे / नाही’ असा रकाना. ‘परीक्षा दिली नाही’ याला त्या रकान्यात ‘नाही’ एवढंच लिहिता येतं. मामाच्या उधारीला तर रकानाच नाही. मुलगा सात ओळी लिहितो त्या या माणसासाठी, आणि त्याच्यापुरतं मुलाचं बरोबर आहे. मर्ज सॉर्ट विचारणारा इंजिनिअर पहिल्या फेरीच्या दिवशी दोन तास खाली येऊन बसला, तर यातल्या पाच ओळी पुढच्या वर्षीच्या बायोडेटांतून आपोआप गळतील. इंजिनिअरचे दोन तास कंपनीला महाग वाटतात. पदवीधरांना काही येत नाही, हे उद्योगांच्या परिषदेत सांगायला मात्र त्याच कंपनीचे वरिष्ठ अख्खा दिवस मोकळे असतात.