सायकल आणि बीपीची गोळी

बावन्न वर्षांचे एक गृहस्थ सोमवारी ओपीडीत आले. आदल्या दिवशी सिंहगडाचा घाट सायकलने चढून आलेले. अंगकाठी सडपातळ, बीपी मात्र १९०/११०. गोळी घेता ना, असे विचारल्यावर थोडे घुटमळले. "शनिवार-रविवार घेत नाही, डॉक्टर. घेतली की चढाला पायच उचलत नाहीत."

गोळी अटेनोलॉल होती. लिहून दिली होती मीच, आणि ते सायकल चालवतात का, हे विचारले नव्हते.

त्यांची तक्रार खरी होती. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत. चढावर स्नायूंना जादा रक्त हवे असते आणि हृदय तर लगाम घातल्यासारखे चालते. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेले नाडीचे 'झोन' अशा माणसाला लागू पडत नाहीत. त्यापेक्षा सायकल चालवताना एक वाक्य सलग बोलता येते का, हे पाहावे.

पण त्यांनी शोधलेला उपाय आजारापेक्षा वाईट होता. ही गोळी अचानक थांबवली की नाडी आणि रक्तदाब उसळी घेतात, आणि हृदयविकार लपलेला असेल तर झटकाही येऊ शकतो. म्हणजे गोळी चुकवायला त्यांनी नेमका घाटाचा दिवस निवडला होता. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा ठोके अनियमित आहेत, त्यांना तर हीच गोळी लागते. त्यांनी स्वतःच्या मनाने तिला हात लावू नये.

केवळ रक्तदाबच असेल तर पर्याय आहेत. तेल्मिसार्टन, लोसार्टन, अम्लोडिपिन या गोळ्या नाडी अडवत नाहीत. अम्लोडिपिनने घोट्याला सूज येते आणि लोक बुटाला दोष देतात, एवढेच. लघवी वाढवणारी गोळी असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात जपावे. घामाने पाणी जातेच, त्यात गोळीने सोडियम-पोटॅशियमही उतरते. मग पायात गोळे, चक्कर. शिवाय घरी आल्यावर पाय दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन घेण्याची सवय सोडा. ती बीपी वाढवते आणि वरच्या गोळ्यांच्या जोडीने मूत्रपिंडावर ताण आणते.

आणखी एक फसगत मी नेहमी पाहतो. सायकलवरून आल्यावर काही तास बीपी आपोआप खाली असते. तेव्हा मोजतात, ११८ दिसते, गोळी बंद. बीपी सकाळी निघण्यापूर्वी, पाच मिनिटे शांत बसून मोजावे. १८०/११०च्या वर असेल तर त्या दिवशी घाट नको, दवाखाना गाठा. नियमित सायकलने वरचा आकडा पाच-आठने उतरतो, हे खरे. ज्याचा १६५ आहे त्याला तेवढे पुरणार कसे?

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. सरकारी ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात, ही सबब मीही देतो. पण "दिवसभर काय करता?" हे विचारायला दहा सेकंद लागतात. हौशी सायकलवाला निदान गोळीबद्दल बोलतो. सायकलवर दुधाचे कॅन घेऊन फिरणारा "थकवा येतो" एवढेच म्हणतो, आणि आम्ही त्याला टॉनिक लिहून देतो.

त्या गृहस्थांची अटेनोलॉल दोन आठवड्यांत हळूहळू कमी केली, तेल्मिसार्टन सुरू केली. परवा १३४/८४ होते. घाट चढायला किती मिनिटे लागली, तेही त्यांनी केसपेपरवर लिहून घ्यायला लावले.